तिसरा दिवा

व्हर्लिन हॉगनला अमेरिकेतल्या त्या वाळवंटात लोक ओळखत ते एकाच गोष्टीमुळे. सरकारी माळावर एका जागी दोन आठवडे फुकट राहता येतं, आणि व्हर्लिन आणि त्याची बायको आर्डिस ते दोन आठवडे आपल्या राहत्या, घरासारख्या गाडीचं चाकही न हलवता काढत. बाकीच्यांची संडासाची टाकी आठवड्याभरात भरायची. मग खुर्च्या, चटया, कुत्री असं सगळं आवरून गाडी गावात न्यायची, टाकी रिकामी करायच्या रांगेत उभं राहायचं, आणि परत यावं तर आपली जागा दुसऱ्याच कुणीतरी धरलेली. व्हर्लिनवर ही पाळी कधी आली नव्हती. मिनेसोटात तो जन्मभर एका धान्यकोठाराचा मॅनेजर होता. किती आलं, किती गेलं यावर डोळा ठेवायची सवय अंगात मुरलेली. निवृत्त झाल्यावर डोळा ठेवायला उरली ती गाडी, आणि गाडीत आर्डिस.

नियम त्याचे होते. ताटं आधी कागदाने पुसायची, मग फवाऱ्याच्या बाटलीने धुवायची. अंघोळ ओल्या फडक्याने. संडासात पाणी अर्धा कप, त्याच्यावर नाही. विजेचंही तसंच. छपरावरच्या सोलर पॅनेलांनी दिवसभरात बॅटरीत जे भरलं, त्यावर पुढचा दिवस उजाडेपर्यंत भागवायचं. त्या जानेवारीत आभाळ सारखं भरून यायचं आणि बॅटऱ्या अर्ध्यामुर्ध्याच भरायच्या. मग आधी आर्डिसचा गोधडी शिवायचा दिवा बंद झाला. मग विजेची किटली. मग पहाटेचा हीटर, कारण त्याचा पंखा वीज खातो. व्हर्लिनचं झोपेत श्वासाला लागणारं यंत्र मात्र चालू राहिलं. ते औषधासारखंच, त्याला कोण काय म्हणणार? आर्डिस तर काहीच म्हणाली नाही. ती दोन स्वेटर घालून झोपायला लागली.

दाराशेजारी चार बारीक दिव्यांची एक पट्टी होती. बटण दाबलं की संडासाची टाकी किती भरली ते कळायचं. चौथा दिवा लागला की टाकी काठोकाठ. त्या खेपेला पहिला आठवडाही सरला नव्हता, आणि तिसरा दिवा लागला.

"आर्डिस, इकडे ये. हे बघ."

"काय बघू?"

"तिसरा लागलाय."

"मग?"

"मग काय मग? निम्म्याहून जास्त दिवस जायचेत अजून. तू दिवसातून जातेस तरी किती वेळा?"

आर्डिस सत्तरी ओलांडलेली. रक्तदाबाची गोळी घ्यायची. त्या गोळीने लघवी जास्त होते, हे डॉक्टरांनी व्हर्लिनच्या देखतच सांगितलं होतं.

"मी मोजत नाही," ती म्हणाली. "वय झालंय माझं, व्हर्लिन."

"वय माझंही झालंय. मी मोजतो."

ती भांडी पुसायला वळली.

दुपार कलली की माळावर खुर्च्यांचं कोंडाळं जमायचं. शेजारची डोरीन यायची. ही ऑरेगनची, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. आता पिकअपच्या पाठीवर खोपट्याएवढं घर घेऊन एकटीच फिरायची. त्या दिवशी टेक्सासहून आलेली लेटा नावाची नवी बाई आणि तिचा नवराही होता. लेटाने कौतुकाने विचारलं, "दोन आठवडे? खरंच? आम्हाला तर पाच दिवसांत पळावं लागतं. करता तरी काय तुम्ही?"

व्हर्लिनला असा प्रश्न आला की खुर्ची थोडी पुढे ओढायची सवय होती. त्याने कागदाने ताटं पुसण्यापासून सगळं सांगितलं. मग बिअरचा घोट घेऊन म्हणाला, "मी एकटा असतो ना, तर महिना काढला असता. पण आमच्याकडे कधी हलायचं ते आर्डिसचं मूत्राशय ठरवतं."

कोंडाळं हसलं. लेटाचा नवरा तर मांडीवर थाप मारून हसला.

"आणि तू दिवसभर जी बिअर पितोस," डोरीन म्हणाली, "ती काय उन्हात उडून जाते होय रे?"

त्यावर आणखी हशा झाला. व्हर्लिनही हसला. आर्डिसही हसली. हसता हसता तिने हातातला कप वाकडा केला आणि उरलेला चहा खुर्चीमागच्या वाळूत ओतून टाकला. डोरीनने ते पाहिलं. व्हर्लिननेही पाहिलं. थंड झाला असेल, असं त्याने मनाशी म्हटलं.

त्यानंतर आर्डिस सकाळचा चहा अर्धा कप घ्यायला लागली. मग तोही नको म्हणायला लागली. डोरीन गावात निघाली की तिच्याबरोबर जायची आणि किराणा दुकानातल्या संडासात जाऊन यायची. गोळी मात्र रोज घ्यायची, डॉक्टरांनी सांगितलेली म्हणून. जेवणात मीठ लावलेली बिस्किटं आणि डब्यातलं सूप असायचं. सूप ती व्हर्लिनला वाढायची, आपण बिस्किटं खायची. दिवा तिसऱ्यावर होता तो तिसऱ्यावरच राहिला. चौथा काही लागला नाही. व्हर्लिन खुशीत आला.

"बघ," तो एकदा म्हणाला, "मनावर घेतलं की जमतं तुला."

"हो," आर्डिस म्हणाली.

एका सकाळी ती गाडीच्या पायरीवर बसून बूट घालत होती. व्हर्लिन पॅनेलांवरची धूळ पुसत होता. ती म्हणाली, "कार्ल, गाई आत घेतल्यास का?"

कार्ल म्हणजे तिचा भाऊ. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"काय म्हणालीस?"

"गाई," ती चिडून म्हणाली, आणि उभी राहायला गेली ती सरळ पुढे वाळूत कोसळली. हातही पुढे केले नाहीत तिने. व्हर्लिन शिडीवरून उतरेपर्यंत डोरीन धावत येऊन पोचली होती.

"गाडीत घाल हिला. माझ्या गाडीत. उभा काय राहिलायस?"

व्हर्लिन उभाच राहिला होता. आपली गाडी हलवायची म्हणजे टेकूचे चारी लोखंडी पाय वर घ्यायचे, दारापुढचं कापडी छत गुंडाळायचं, असा हिशेब डोक्यात चालू झाला होता. क्षणभरच. पण तो क्षण पुढे त्याला फार दिवस छळत राहिला.

नदीकाठच्या गावात छोटं रुग्णालय होतं. तिथे आर्डिसला सलाईन लावलं. डॉक्टर ओकाम्पो नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी आर्डिसच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली.

"अंगातलं पाणी अगदी कमी झालंय. लघवीत जंतू झालेत, म्हणून बडबडत होत्या," त्या व्हर्लिनला म्हणाल्या. "तुमच्या गाडीत प्यायचं पाणी संपलं होतं का?"

"नाही. पाणी भरपूर आहे."

"मग?"

आर्डिस तोवर बरीच शुद्धीवर आली होती. ओठ फुटलेले. ती म्हणाली, "विसरले मी, डॉक्टर. थंडीत तहान कळतच नाही."

"इतक्या दिवसांत एकदाही नाही कळली?" डॉक्टर व्हर्लिनकडे वळल्या. "तुमच्या लक्षात आलं नाही? पीत नाहीयेत त्या?"

"नाही," व्हर्लिन म्हणाला. "नाही आलं."

डोरीन भिंतीला टेकून उभी होती. फक्त पायातल्या बुटांकडे बघत राहिली, आणि व्हर्लिनला वाटलं, ही तोंडावर काही बोलली असती तर बरं झालं असतं. आर्डिसने त्याच्यासाठी खोटं सांगितलं होतं, आणि तो त्या खोट्याच्या आड जाऊन बसला होता.

दुपारभर सलाईन जात होतं. साहजिकच आर्डिसला उठावं लागायचं. प्रत्येक वेळी ती बेल दाबायची आणि नर्स आली की आधी म्हणायची, "माफ करा हं, परत." नर्स थोराड, हसऱ्या तोंडाची. पहिल्या वेळी ती म्हणाली, "अहो, माफी कसली? आम्हाला हेच हवंय." तरी पुढच्या वेळी आर्डिस म्हणालीच, "माफ करा." एकदा नर्सच्या दंडाला धरून बाथरूममधून येताना तिची नजर व्हर्लिनकडे गेली, आणि सवयीने त्यालाही म्हणाली, "सॉरी."

तो खुर्चीतून उठला आणि बाहेर जाऊन पार्किंगमध्ये उभा राहिला.

आर्डिसला दोन दिवस ठेवून घेणार होते. दुसऱ्या दिवशी व्हर्लिन डोरीनबरोबर माळावर आला, गाडी आवरली आणि टाकी रिकामी करायला गावात नेली. दोन आठवडे पुरे व्हायचे होते अजून, पण ते त्याच्या मनातही आलं नाही. ती परत येईल तेव्हा टाकी रिकामी असली पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं. पुढे सहा-सात गाड्या होत्या. त्याची पाळी आली. त्याने हातमोजे चढवले, जाड नळी जोडली. नळीच्या तोंडाशी पारदर्शक तुकडा असतो, काय जातंय ते दिसावं म्हणून. त्याने टाकीचा दांडा ओढला.

थोडंसं आलं. गडगड वाजलं आणि थांबलं.

तुंबली असणार, त्याने म्हटलं. तो आत गेला, संडासाचं झाकण पायाने उघडलं आणि टॉर्च मारून वाकून पाहिलं. खाली कागदाचा ढिगारा साचला होता, एका बाजूच्या भिंतीला टेकून वरपर्यंत चढलेला. त्याच भिंतीत टाकी किती भरली ते दिव्यांना कळवणारे खिळे बसवलेले असतात. ओला कागद खिळ्याला चिकटला की दिव्याला वाटतं टाकी तिथवर भरली. बाकीची टाकी जवळजवळ कोरडी होती. पाव भागही भरली नसेल.

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. हे तर तो कोंडाळ्यात बसून नव्या लोकांना सांगायचा: "वाटेल तिथे पाणी वाचवा, पण संडासात ओतायला कमी करू नका. कागद बसतो आणि दिवे खोटं बोलतात." आपल्या गाडीत मात्र अर्ध्या कपाचा नियम त्यानेच लावला होता. टॉर्च घेऊन वाकायला एक मिनिट लागलं असतं. त्या सबंध आठवड्यात ते त्याला सुचलं नव्हतं, कारण दिवा लागल्या लागल्या त्याने टाकीकडे नाही, आर्डिसकडे पाहिलं होतं.

तो बादल्या भरभरून ओतत राहिला. ढीग हलला, कोसळला, गेला. मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला. "ए आजोबा, काय मुक्काम टाकलायस का?" व्हर्लिनने हात वर करून माफी मागितली. मग पट्टीचं बटण दाबलं. तिसरा दिवा विझला होता.

संध्याकाळी तो आर्डिसच्या खाटेपाशी बसला. तिच्या पुढ्यात जेवणाचं ताट होतं, आणि बाजूला पाण्याचा मोठा पेला.

"टाकी भरलेली नव्हती," तो म्हणाला.

"हं?"

"कागद अडकला होता. दिवा खोटा लागत होता. तू काही भरली नव्हतीस. चूक माझी होती. मी तुला उगाच बोललो, आर्डिस."

आर्डिसने चमचा खाली ठेवला.

"आणि भरली असती तर?"

"म्हणजे?"

"खरंच भरली असती तर? माझ्यामुळे?" ती शांतपणे म्हणाली. "मग बरोबर होतं का तुझं?"

ती परत जेवायला लागली. तो बसून राहिला आणि त्याच्या लक्षात आलं, की बादल्या ओतताना जी लाज वाटत होती ती चुकीच्या गोष्टीची होती. हिशेब चुकला म्हणून वाटत होती. मुळात बायकोच्या लघवीचा हिशेब मांडला, याची तोवर वाटलीच नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी त्याने डॉक्टर ओकाम्पोंना व्हरांड्यात गाठलं. "मी त्या दिवशी खोटं बोललो," तो म्हणाला. "मला दिसत होतं, ती पीत नाही ते. मला ते सोयीचं होतं."

डॉक्टरांनी हातातले कागद काखेत धरले. "आता प्यायला द्याल ना?"

"हो."

"मग झालं तर. आणि मागायची पाळी आणू नका त्यांच्यावर," एवढं म्हणून त्या पुढच्या खोलीत गेल्या. त्यांनी रागवावं, असं त्याला कुठेतरी वाटत होतं.

चटई आणि खुर्च्या माळावरच राहिल्या होत्या. तो त्या आणायला गेला, तर कोंडाळ्याने त्याला घेरलंच. "कशी आहे आर्डिस? काय झालं एकाएकी?" आणि व्हर्लिनचं मन इतकं भरून आलं होतं, की त्याने सगळं सांगून टाकलं. तिसरा दिवा, अर्धा कप, दुकानातला संडास, तिला झालेले लघवीचे जंतू, रुग्णालयातलं "माफ करा" सुद्धा. लेटाने डोळे पुसले. तिचा नवरा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कबूल करायला मोठं मन लागतं, दोस्ता." डोरीन उठून आपल्या गाडीत गेली आणि दार लावून घेतलं. व्हर्लिनला मात्र किती दिवसांनी हलकं वाटलं.

आर्डिसने सांगितलं होतं, आता माळावर नको. म्हणून त्यांनी नदीकाठच्या एका पार्कात भाड्याची जागा घेतली. तिथे प्रत्येक गाडीला नळ, वीज आणि सांडपाण्याचा पाइप थेट जोडलेला असतो. असल्या ठिकाणी उतरणाऱ्यांना व्हर्लिन आजवर हसत आला होता. त्याने मुकाट्याने पाइप जोडला.

दुसऱ्या दिवशी आर्डिसचा फोन वाजला. ती दारातल्या उन्हात बसून बोलत होती. व्हर्लिनला तिचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो लेटा, बरी आहे... काय?... कुणी सांगितलं?... नाही, नाही वापरत मी तसलं काही... तुझ्या आईला ना? बरं... हो, बघीन... थँक्यू."

तिने फोन मांडीवर ठेवला. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

"लेटा मला चड्ड्या सुचवत होती," ती म्हणाली. "म्हाताऱ्या बायकांच्या. तिची आई वापरते म्हणे, गळतं म्हणून. कुठल्या रंगाचं पाकीट बघायचं तेही सांगितलं तिने."

"आर्डिस, मी फक्त माझी चूक..."

"गप्प बस!"

इतक्या वर्षांच्या संसारात ती असं ओरडलेली त्याला आठवत नव्हती. शेजारच्या गाडीतला माणूस वळून बघायला लागला.

"तेव्हा हसू यावं म्हणून काढलंस माझं मूत्राशय चारचौघांत," ती आवाज खाली आणत म्हणाली. "आता रडू यावं म्हणून काढलंस. माझं मी झाकून ठेवलं होतं ना? डॉक्टरपाशी झाकलं, डोरीनपाशी झाकलं. मेले असते तरी झाकलं असतं. तुझ्या मनावरचं ओझं उतरवायला तुला माझीच अब्रू सापडली?"

"मला वाटलं, खरं सांगावं."

"तुझं खरं सांग की! माझं कशाला?"

व्हर्लिन पायरीपाशी उभा होता. कोंडाळ्यात वाटलेला तो हलकेपणा, खांद्यावरचा तो हात, लेटाचे ते डोळे, सगळं त्याला आठवलं. तिथे तो स्वतःची कीव करून घेत होता, आणि लोकांनी ती केली होती.

"मग मी काय करू?" त्याने विचारलं.

"काही करू नकोस. थोडे दिवस काहीच करू नकोस."

तो तसा राहिला. पाणी भरायचा, कपडे धुऊन आणायचा, बोलावलं तर बोलायचा. डोरीन दोन-तीनदा येऊन गेली. बायका नदीवर फिरायला जायच्या. परत आल्यावर डोरीन त्याला "काय व्हर्लिन" एवढं म्हणायची. लेटाचा फोन आर्डिसने पुन्हा उचलला नाही. माळावरून कुणाकुणाचे निरोप येत, बॅटरीबद्दल विचारायला, टाकीबद्दल विचारायला. व्हर्लिनने एकालाही उत्तर दिलं नाही. सांगण्यासारखं आपल्याजवळ काही आहे, असं त्याला वाटेनासं झालं होतं.

मार्चच्या शेवटी ते उत्तरेकडे निघाले. गाडीतच संडास होता, टाकीही रिकामी होती, पण आर्डिस वाटेत म्हणायची, "इथे थांबव," आणि तो रस्त्याकडेच्या विश्रांतीच्या जागी थांबवायचा. कॅन्ससमध्ये एका ठिकाणी ती आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. त्याला काळजी वाटली. दाराशी जाऊन हाक मारावी, असं दोनदा मनात आलं. पण तो स्टिअरिंगमागे बसून राहिला.

शेवटी ती आली. हातात शेंगदाण्यांची पुडी होती. त्याच्या बाजूची काच वाजवून म्हणाली, "आत एक बाई भेटली. गोधड्या शिवते. बोलत बसलो." आणि मग, "बाहेर ऊन चांगलं आहे. ये."

ते बाकावर बसले. आजूबाजूला सपाट रानं, अजून काही उगवलेलं नव्हतं. तिने पुडी दोघांच्या मध्ये ठेवली. तिने माफ केलंय का, हे त्याला कळत नव्हतं, आणि त्याने विचारलंही नाही. त्याने एक शेंगदाणा घेतला. तिने दुसरा घेतला.